साथींत कांहींच मेंढरें कां वांचतात ?

एका घरांत एका पंक्तीस जेवणारीं पांच-सात मुलें असावींत आणि गांवांत गोवराची वा कांजिण्यांची साथ यावी, म्हणजे एक चमत्कार दृष्टीस पडतो. एक मूल पंधरा दिवस अंथरुणास खिळतें, दुसऱ्याचा ताप चार दिवसांत उतरतो, आणि तिसरें त्यांच्याच उशापायथ्याशीं खेळत राहून शेवटपर्यंत धड राहतें. घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, "त्याचा पिंडच काटक." डॉक्टर म्हणतात, "त्यास वेळेवर लस टोचली होती." कोणी म्हणतें, "दैव बलवत्तर." या तीन उत्तरांपैकीं शेवटच्याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दुसरें उत्तर आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. पहिल्या उत्तरांत मात्र, म्हणजे 'पिंड' या शब्दांत, किती शास्त्र भरलें आहे हें सहसा कोणी पाहत नाहीं. तें पाहण्याचा विचार आम्ही आज करणार आहों. आणि त्यासाठीं उदाहरण घेणार आहों तें मनुष्याचें नव्हे, मेंढराचें.

मेंढराचेंच कां, असें वाचक विचारतील. त्यास दोन कारणें आहेत. पहिलें हें कीं, मेंढरांची पिढी दोन-तीन वर्षांत पालटते आणि कोणता नर ठेवावा, कोणता विकावा हें धन्याच्या हातीं असतें. त्यामुळें पिंड म्हणजे काय, तो बापाकडून किती येतो व आईकडून किती, याचा हिशेब तेथें स्वच्छ मांडतां येतो. दुसरें कारण आमच्या गांवचें आहे. सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधला हा रावेरचा पट्टा केळीच्या बागांसाठीं प्रसिद्ध असला, तरी खरीप निघाल्यावर येथील मोकळ्या शिवारांत मेंढरांचे कळप उतरतात. कांहीं साक्रीकडील ठेलाऱ्यांचे असतात, कांहीं काठेवाडी मेंढपाळांचे. शेतकरी त्यांस बोलावून रात्रीं आपल्या रानांत मेंढरें बसवितो, कारण लेंडीचें खत बाजारांतल्या पोत्यांत मिळत नाहीं. सन २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लक्ष मेंढ्या मोजल्या गेल्या. ज्यांस जमीन नाहीं अशा पुष्कळ कुटुंबांचें सारें भांडवल या चार पायांवर चालतें, आणि एका साथींत तें आठ दिवसांत निम्में होऊं शकतें. तेव्हां कांहीं मेंढरें कां वांचतात, हा प्रश्न आपल्यास कुतूहलाचा असला तरी त्यांस तो पोटाचा आहे.

तीन प्रकारचें बळ

चरकसंहितेंत बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज म्हणजे जन्माबरोबर आलेलें. कालज म्हणजे वय व ऋतु यांवर अवलंबून असलेलें. आणि युक्तिकृत म्हणजे आहार, विहार व उपाय यांनीं मिळविलेलें. आजच्या शास्त्राच्या कसोट्या निराळ्या आहेत आणि जुन्या ग्रंथांत सगळें नवें आधींच होतें असें म्हणण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु विषय मांडण्यास ही विभागणी इतकी सोयीची आहे कीं ती सोडून दुसरी शोधण्याचें कारण दिसत नाहीं.

कळपांत साथ शिरली असतां मेंढरूं तगलें, तर तें या तिहींपैकीं कोणत्या बळावर तगलें हें आधीं निवडून घेतलें पाहिजे. नवजात कोकरूं घ्या. मनुष्याच्या बाळास आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें गर्भांतच मिळतात. मेंढी, गाय, शेळी यांच्या गर्भास तीं मिळत नाहींत. तीं त्यास मिळतात चिकांतून. म्हणून जन्मल्यापासून पहिल्या कांहीं तासांत जें कोकरूं पोटभर चीक पितें तें पुढील कांहीं आठवडे सुरक्षित राहतें, आणि ज्यास तो मिळत नाहीं तें पहिल्याच वाऱ्यानें जातें. हें बळ आईनें दिलेलें खरें, पण तें वारशाचें नव्हे. ती शिदोरी आहे, आणि शिदोरी संपते. तसेंच ज्या मेंढीस एकदां देवी येऊन गेल्या, ती पुढच्या साथींत उभी राहते. तेंहि वारशाचें नव्हे. तें तिनें स्वतः रोगाशीं झुंजून कमावलें, व तें तिच्याबरोबर संपणार. लसीचें बळहि याच जातीचें. फरक इतकाच कीं ती झुंज लुटुपुटीची असते.

हें सर्व वजा करून जें उरतें तें सहजबल. दोन कोकरांनीं सारखाच चीक प्यावा, सारखेंच रान चरावें, दोहोंसहि पूर्वीं रोग न व्हावा, लसहि न टोचावी, आणि तरीहि एकाच दिवशीं तोच विषाणू अंगांत शिरला असतां एक मरावें व दुसरें तरावें : हा जो फरक, तो जनुकांचा.

विषाणूची किल्ली

विषाणू हा स्वतः कांहींच करूं शकत नाहीं. तो न खातो, न वाढतो, न आपली प्रजा उत्पन्न करतो. त्याची सारी कारागिरी एवढीच कीं शरीरांतील एखाद्या पेशीच्या कवचास चिकटून आंत शिरावें आणि तिच्याच यंत्रसामग्रीकडून आपल्या हजारों प्रती काढून घ्याव्या. पेशीच्या कवचावर जीं प्रथिनें असतात तीं जणूं कुलुपें. विषाणूच्या अंगावरील प्रथिन ही किल्ली. किल्ली कुलुपास बसली तर दार उघडतें. आतां हीं कुलुपें घडविण्याचे नमुने जनुकांत लिहिलेले असतात. मेंढराच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक बापाकडून व एक आईकडून आलेलें. लिहिण्यांत एका अक्षराचा फेर पडला तर कुलुपाचा एखादा दांता निराळा होतो, आणि किल्ली बसत नाहीं. कांहीं वेळां कुलूप तेंच असतें, पण आंतला पहारेकरी अधिक जागा असतो : विषाणू शिरतांच हांक देणारीं, त्याच्या प्रती काढण्याचें काम बंद पाडणारीं प्रथिनें कोणाची जलद कामास लागतात, कोणाची सावकाश. हाहि जनुकांचाच गुण.

सन १९६२ च्या सुमारास झां लिंडेनमान या स्विस शास्त्रज्ञास प्रयोगशाळेंतील उंदरांचा एक वंश असा आढळला कीं ज्या इन्फ्लुएंझानें इतर उंदीर मरत, त्यानें या वंशाचे उंदीर मरत नसत. इतर उंदरांशीं त्यांचा संकर करून पाहतां असें दिसलें कीं हा गुण एकाच जनुकाचा आहे. विषाणूपासूनचें संरक्षण हें धान्याच्या दाण्याच्या रंगाप्रमाणें पिढीजात उतरूं शकतें, याचा हा स्पष्ट दाखला होता.

निसर्ग हें काम कसें करतो याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत दिसलें. तेथें शेतीचा फडशा पाडणाऱ्या सशांचा नायनाट करण्यासाठीं सन १९५० मध्यें एक विषाणू मुद्दाम सोडण्यांत आला. प्रारंभीं शंभरांतील नव्व्याण्णव ससे मेले. पण जे वांचले त्यांचीच प्रजा पुढें वाढली. सात साथी होऊन गेल्यावर तेथील रानसशांची परीक्षा केली, तेव्हां ज्या बेताच्या विषारी विषाणूनें पूर्वीं शंभरांतील नव्वद मरत, त्यानेंच आतां पंचवीसच्या आसपास मरूं लागले होते. येथें कोणी वैद्य नव्हता, लस नव्हती. साथ हीच चाळणी झाली. इकडे विषाणूहि अगदीं स्वस्थ बसला नाहीं. आपल्या यजमानास झटपट मारणाऱ्या विषाणूस पसरण्यास वेळच मिळत नसल्यानें त्याच्यांतील सौम्य जाती अधिक पसरल्या. दोघांनींहि एकमेकांचें वळण पाहून आपलें वळण बदललें.

नीलजिव्हा आणि परदेशी रक्त

मेंढरांपुरतें पाहूं जातां या विषयाचा धडा प्रथम दक्षिण आफ्रिकेंत मिळाला. तेथें तलम लोकरीसाठीं मेरिनो मेंढ्या नेण्यांत आल्या आणि एका नव्याच रोगानें त्यांस गांठलें. ताप येई, ओठ व तोंड सुजे, नाक वाहे, खुरांच्या वरची कडा लाल होऊन जनावर लंगडे, आणि कित्येकांची जीभ निळी पडे. यावरून सन १९०५ मध्यें त्यास नीलजिव्हा या अर्थाचें नांव मिळालें. त्याचा कारक अत्यंत सूक्ष्म गाळणींतूनहि पार जातो, म्हणजे तो विषाणू आहे, हें थाइलर यांनीं लगोलग दाखविलें. आणि तो डासाहूनहि लहान अशा चावऱ्या चिलटांतून पसरतो हें सन १९४४ मध्यें सिद्ध झालें. मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच रानांत, त्याच चिलटांच्या संगतींत पिढ्यान्-पिढ्या चरणाऱ्या आफ्रिकेच्या देशी मेंढ्यांत या रोगाचीं लक्षणें फारशीं दिसत नसत. रोग नवा नव्हता. मेंढी नवी होती.

हिंदुस्थानांत या रोगाची पहिली नोंद सन १९६४ मध्यें झाली, आणि ती आपल्या महाराष्ट्रांतील शेळ्यामेंढ्यांची होती. त्यानंतर पुष्कळ राज्यांत तो आढळला. स्वातंत्र्यानंतर लोकर व मांस वाढविण्यासाठीं रॅम्बुले, मेरिनो इत्यादि परदेशी मेंढे आणून देशी मेंढ्यांशीं संकर करण्याचे कार्यक्रम निघाले. राजस्थानांत सन १९६२ मध्यें मेंढी व लोकर संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिच्या गांवास अविकानगर असें नांव आहे. संस्कृतांतील 'अवि' आणि लॅटिनमधील 'ओव्हिस' हे एकाच कुळांतले शब्द, हें शब्दप्रेमी वाचकांस सांगणें नलगे. या संकरांतून लोकर तलम झाली, वजन वाढलें, हें खरें. परंतु नीलजिव्हेच्या साथींत परदेशी व संकरित मेंढ्यांची हानि देशी मेंढ्यांहून अधिक होते, असा अनुभव वारंवार आला. बापाकडून लोकर आली. पण येथल्या चिलटांशीं पिढ्यान्-पिढ्या झगडून आईच्या कुळानें जें मिळविलें होतें, तें निम्मेंच पुढें गेलें.

येथें मात्र एक सावधगिरीचा शब्द लिहिला पाहिजे. देशी म्हणजे अभेद्य, असा समज कोणी करून घेऊं नये. दक्षिणेंतील राज्यांत देशी मेंढ्याहि या रोगानें मोठ्या संख्येनें दगावल्या आहेत. विषाणूच्या दोन डझनांहून अधिक पोटजाती आहेत, व एकीशीं झुंजलेलें जनावर दुसरीपुढें कोरें असतें. शिवाय प्रतिकार आणि सहनशीलता या दोन गोष्टी निराळ्या आहेत. प्रतिकार म्हणजे शत्रूस दारांतच अडविणें. सहनशीलता म्हणजे शत्रु घरांत असतांहि संसार चालू ठेवणें. सहनशील मेंढी स्वतः हिंडती-फिरती राहते, पण तिच्या रक्तांतील विषाणू चिलटांमार्फत शेजारच्या कळपास पोंचूं शकतो. म्हणून जें जनावर निरोगी दिसतें तेंच वंशासाठीं उत्तम, असें डोळे मिटून म्हणतां येत नाहीं.

एका अक्षराचा फेर

आतां जनुक नेमकें हातीं सांपडलेलें एक उदाहरण पाहूं. आइसलंड बेटावरील मेंढ्या सुमारें हजार वर्षें बाहेरच्या जगापासून अलग होत्या. सन १९३३ मध्यें तेथें जर्मनींतून काराकुल जातीचे वीस मेंढे आणण्यांत आले. दिसण्यांत ते धडधाकट होते. परंतु त्यांच्याबरोबर फुप्फुसें व मज्जा यांस वर्षानुवर्षें पोखरणारा एक मंदगति विषाणू आला, आणि कधींहि त्याची गांठ न पडलेल्या बेटावरील मेंढ्या त्यास बळी पडल्या. धाप लागणें या अर्थाचा 'मेडी' आणि झिजणें या अर्थाचा 'विस्ना' हीं त्या रोगाचीं दोन रूपें. कळपचे कळप मारून, दूरच्या निरोगी भागांतील मेंढ्या आणून नवे कळप बसवावे लागले. असा उपाय लक्षावधि मेंढ्यांवर चालला तेव्हां सन १९६५ मध्यें त्याचें उच्चाटन झालें. परदेशी जनावरानें देशी रोगास बळी पडणें हें वर पाहिलें. येथें परदेशी जनावरानें आणलेल्या रोगास देशी बळी पडली. तात्पर्य, दोष देशी-परदेशीचा नसून अनोळखीपणाचा आहे.

हाच विषाणू आणि त्याचे भाऊबंद अमेरिकेंतील कळपांतहि आहेत. तेथील शास्त्रज्ञांनीं रोगी व निरोगी मेंढ्यांच्या जनुकांची तुलना करून सन २०१२ मध्यें टीएमईएम १५४ या नांवाच्या जनुकावर बोट ठेवलें. या जनुकानें घडणाऱ्या प्रथिनाच्या ३५ व्या जागीं ग्लूटामिक आम्ल असलेल्या मेंढीस संसर्ग होण्याचा संभव, त्याच जागीं लायसीन असलेल्या मेंढीपेक्षां, जवळजवळ तिप्पट आढळला. एका अक्षराचा हा फेर. त्यांतहि असें कीं, दुर्बळ प्रत एक जरी असली तरी धोका राहतो. संरक्षणास दोन्हीं प्रती बलवान् पाहिजेत. आतां ज्यांच्याजवळ एक बलवान् व एक दुर्बळ प्रत आहे असा मेंढा व अशीच मेंढी यांची संतति पाहिली, तर सरासरीनें चार कोकरांपैकीं एकासच दोन्हीं बलवान् प्रती मिळतील. मेंढा मात्र दोन्हीं बलवान् प्रतींचा ठेवला, तर त्याच मेंढीच्या दोन कोकरांपैकीं एकास मिळतील. एका मेंढ्यापासून एका हंगामांत पंचवीस-तीस मेंढ्या गाभण राहतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे नर निवडण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

पण याहि ठिकाणीं निसर्गानें आपला हट्ट सोडलेला नाहीं. या विषाणूच्या कांहीं पोटजाती बलवान् प्रतीच्या मेंढ्यांतहि शिरूं शकतात, असें पुढें दिसून आलें. कुलूप बदललें तर चोरहि नवी किल्ली घडवितो. आणि नीलजिव्हा, देवी, किंवा ज्यास शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी म्हणतात तो पीपीआर, या आपल्याकडील मोठ्या रोगांत तर सारा भार एका जनुकावर नसून अनेक जनुकांच्या लहानलहान वांट्यांवर असतो. तेथें एका थेंब रक्तावरून निवाडा सांगणारी परीक्षा मेंढपाळाच्या हातीं आलेली नाहीं.

चिनावलची साथ

आमच्या तालुक्याचें नांव जनावरांच्या साथीच्या इतिहासांत एका दुःखद कारणानें लागलें आहे. सन २०२२ मध्यें गुरांच्या लंपी त्वचारोगाची जी मोठी साथ पश्चिम भारतांत पसरली, तिचा महाराष्ट्रांतील पहिला रोगी त्या वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं रावेर तालुक्यांतील चिनावल येथें आढळला. अंगभर गांठी, ताप, पाय सुजणें, दूध आटणें, आणि कित्येक गुरांचा मृत्यु. सावदा-चिनावल पट्ट्यांतील गोठ्यांनीं ते दिवस पाहिले आहेत. हा विषाणू मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवींच्या विषाणूंचा सख्खा भाऊ आहे. तो इतका जवळचा कीं, गुरांसाठीं स्वतंत्र लस हातीं नसतां शेळ्यांच्या देवीची लस अधिक मात्रेंत गुरांस टोचण्यांत आली, आणि राज्यभर तीच मोहीम चालली. हिसार व इज्जतनगर येथील संस्थांनीं गुरांसाठीं खास तयार केलेल्या लसीची घोषणा त्याच वर्षीं १० ऑगस्टला झाली.

या भाऊबंदकीवरून एक शंका कोणाच्याहि मनांत येणें स्वाभाविक आहे : मेंढरांच्या कळपांनींच हा रोग गोठ्यांत आणला काय ? त्याचें उत्तर नाहीं असें आहे. लंपीचा विषाणू गुरांचा व म्हशींचा. साथींत तो एका गुरापासून दुसऱ्याकडे जातो तो चावऱ्या माशा, डास व गोचीड यांमार्फत आणि रोगी गुरांच्या ने-आणीमुळें. मेंढरांत त्याची साथ पसरत नाहीं. तेव्हां लंपीच्या भीतीनें मेंढपाळास शिवारांतून हांकलणें म्हणजे निरपराध्यास दंड करणें होय. तो मनुष्यासहि होत नाहीं. आणि दूध नित्याप्रमाणें तापवून घेतल्यास भय नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींनीं शेजारणींस सांगितलें तर पुष्कळ गैरसमज दूर होतील.

भाऊ-भाऊ असलेल्या विषाणूंपैकीं एक गुरांस धरतो व दुसरा मेंढरांस, ही जनुकांच्या प्रभावाचीच साक्ष आहे. एका जातीस दुसऱ्या जातीचा रोग होत नाहीं, हें प्रतिकारशक्तीचें सर्वांत जुनें व सर्वांत बळकट रूप.

हरण्याचा धडा

शेतकरी वाचकांस आणखी एक दाखला घरच्याच बांधावर मिळेल. जुन्या काळीं येथें बसराई, श्रीमंती अशा केळीच्या जाती लावीत. आतां बहुतेक बागा ऊतिसंवर्धित ग्रँड नैनच्या आहेत. घड भरदार, निर्यातीस योग्य, एकाच वेळीं कापणीस येणारे. परंतु त्या सर्व रोपांचा पिंड एकच. लाख झाडें असलीं तरी तीं एकाच झाडाच्या लाख प्रती होत. म्हणून ज्या वर्षीं मावा वाढतो व हरण्या शिरतो, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग पडतो, त्या वर्षीं एक झाड वांचवील असा दुसऱ्या झाडाजवळ निराळा गुण नसतो. सन २०२० मध्यें रावेर-यावल भागांतील कित्येक शेतकऱ्यांस कोंवळ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या.

मेंढरांचा कळप असा एकजिनसी नसतो. दक्खनी मेंढींतच लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे पोटभेद आहेत. आणि एका कळपांतहि प्रत्येक मेंढीचा पिंड थोडाथोडा निराळा असतो. साथ आली तर कांहीं जातात, कांहीं राहतात. जें राहतें तेंच पुढचें बियाणें. वैविध्य हा गबाळेपणा नसून ती निसर्गाची विमापॉलिसी आहे. जो केवळ वजनाच्या मोहानें सारा कळप एकाच मेंढ्याच्या वंशाचा करतो, तो ही पॉलिसी मोडून खातो.

फलटणचा मार्ग

मग सुधारणा करूंच नये काय ? तसें नव्हे. ती कशी करावी याचा नमुना आपल्याच महाराष्ट्रांत आहे. फलटण येथें बनबिहारी निंबकर यांनीं सन १९६८ मध्यें स्थापिलेल्या कृषिसंशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ या लहानशा मेंढीचा एक गुण दक्खनी मेंढींत आणला. गरोळ एका वेतांत बहुधा जुळीं देते, आणि हा गुण एका जनुकाचा आहे. सन १७९२-९३ मध्यें कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियांत गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडील मेरिनोंतहि पोंचला होता. सन २००१ मध्यें या जनुकाची नेमकी ओळख पटली व रक्ताच्या परीक्षेनें तें कोणत्या जनावरांत आहे हें सांगतां येऊं लागलें. फलटणच्या शास्त्रज्ञांनीं संकरित संततींतून जनुक असलेलीं निवडून तीं पुन्हां दक्खनी व स्थानिक रक्ताशीं जोडलीं. अशा पिढ्यांमागून पिढ्या काढून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळें देण्याचें जनुक तेवढें आलें. अंगाचा आकार, काटकपणा व उन्हांत दूरवर चालण्याची ताकद हीं येथलींच राखण्याचा कटाक्ष ठेवला गेला.

हें उदाहरण रोगप्रतिकाराचें नाहीं, परंतु मार्ग तोच आहे. पाहुण्याकडून एक दागिना घ्यावा, घर त्याच्या नांवावर करून देऊं नये. उद्यां एखाद्या रोगाविरुद्धचें बलवान् जनुक हातीं आलें तर तेंहि याच वाटेनें देशी कळपांत आणतां येईल. आपल्या जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ बिलाखेड येथें शासकीय मेंढी-शेळी विकास महामंडळाचें प्रक्षेत्र आहे. अशा ठिकाणच्या नरांची निवड करितांना वजनाबरोबर साथीच्या वर्षाची नोंदहि पाहिली गेली, तर मेंढपाळांचें मोठें हित होईल.

मेंढपाळ स्वतः या शास्त्राशीं अगदींच अपरिचित आहे असें मात्र समजूं नये. एका वृद्ध ठेलाऱ्यास आम्हीं विचारलें, "बाबा, मेंढा ठेवतां तो कशावरून निवडतां ?" तो म्हणाला, "गुरुजी, शिंग अन् छाती सगळेच पाहतात. आम्ही त्याची माय पाहतो. साथीच्या साली जी माय उभी राहिली, तिचं पोर ठेवतो." आनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत याहून निराळें फारसें नाहीं; तेथें फक्त आंकडे अधिक असतात. बाबांच्या रीतींत एकच उणीव आहे. ती माय सहजबलानें उभी राहिली कीं पूर्वींच्या आजारानें कमावलेल्या बळावर, हें त्यांस ओळखतां येत नाहीं. तें ओळखण्याचें काम नोंदवहीचें आहे. कोणतें जनावर कोणाचें, त्यास लस केव्हां टोचली, कोणत्या साथींत काय झालें, एवढें जरी लिहून ठेवलें तरी दहा वर्षांत त्या वहीची किंमत कळपाहून कमी भरणार नाहीं. पण हिंडत्या बिऱ्हाडांत ती वही लिहिणार कोण ? त्या बिऱ्हाडांतील मुलांचें शिक्षण आणि मेंढरांचें आरोग्य हे दोन प्रश्न येथें एकत्र येतात.

तेव्हां या सर्वांचें सार काय ? सहजबल मोठें, पण तेवढ्यावर विसंबून लस टाळणें हा शुद्ध अविचार होय. गुरांची बुळकांडी सन २०११ मध्यें पृथ्वीवरून नाहींशी झाली ती कोणा एका जातीच्या काटकपणानें नव्हे, लसीनें. पीपीआरविरुद्धहि चांगली लस आहे. ती एकदां टोचली म्हणजे वर्षानुवर्षें काम देते, आणि सन २०३० पर्यंत हा रोग जगांतून घालविण्याचा संकल्प झालेला आहे. कोकरास पहिल्या तासांत चीक, वेळच्या वेळीं लस, चिलटांच्या दिवसांत ओलसर जागीं मुक्काम न करणें, रोगी जनावर वेगळें बांधणें, ही झाली युक्ति. साथींत तगलेल्या माउलीचा मेंढा ठेवणें, दर दोन वर्षांनीं नर पालटून आप्तसंकर टाळणें, आणि दूरच्या पाहुण्यास कळपांत घेण्यापूर्वीं कांहीं दिवस निराळें ठेवून पारखणें, ही झाली सहजबलाची जोपासना. सपिंड-सगोत्राचा विचार आपल्या घरांत विवाह ठरवितांना होत आला. मेंढ्याच्या बाबतींत तो अधिक कसोशीनें करावा लागतो, एवढेंच.

आणखी एक गोष्ट. 'पिंड' या शब्दाचा आपण अभिमानानें उच्चार करतों व त्यांत कुळाच्या श्रेष्ठतेचा वास असतो. मेंढरांचें शास्त्र याच्या नेमकें उलट सांगतें. आइसलंडची हजार वर्षें निर्भेळ राहिलेली मेंढी एका नव्या रोगापुढें कोसळली. एकाच पिंडाची केळीची बाग हरण्यानें झोपते. आणि ज्या कळपांत नाना प्रकारचे पिंड आहेत तो साथींतून कांहीं ना कांहीं वांचवून बाहेर येतो. बळ शुद्धतेंत नाहीं, विविधतेंत आहे. आणि तें नुसतें वारशानें मिळत नाहीं, प्रत्येक पिढीस तें जपावें लागतें. यंदाच्या हंगामांत शिवारांत कळप उतरतील तेव्हां त्यांच्या धुळीनें नाक मुरडण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं, त्या मळकट लोकरीखालीं कित्येक पिढ्यांनीं साथींशीं झगडून मिळविलेली एक ठेव चालली आहे. तिचा सांभाळ करणाऱ्या माणसास एका रात्रीचा निवारा, पाण्याची सोय आणि त्याच्या मुलांस शाळेचें दार उघडें, एवढें देणें आपल्या हातचें आहे.